आधी मान वर कुणी करायची?

तास सुरू व्हायच्या आधीच्या दहा मिनिटांत वर्गात काय चालतं, हे कळायला आत जावं लागत नाही. व्हरांड्यात उभं राहिलं तरी पुरतं. काही ऐकूच येत नाही. साठेक मुलंमुली आत बसलेली असतात आणि पंख्याची घरघर बाहेरपर्यंत येते. मी शिकवायला लागले तेव्हा याच दहा मिनिटांचा कालवा दोन वर्ग ओलांडून यायचा. "अरे, जरा हळू!" असं ओरडत आत शिरायचं आणि मग हजेरीला हात घालायचा, हे ठरलेलं होतं. आता शांतता मलाच मोडावी लागते. नवख्या प्राध्यापकाला वाटेल, काय गुणी वर्ग मिळालाय! गुणी आहेतच मुलं. फक्त प्रत्येकाची मान खाली आहे आणि अंगठा चालू आहे.

यावर बोलायला एक वाक्य कायम तयार असतं, "ही पोरं मोबाइलच्या आहारी गेलीत." स्टाफरूममध्ये दिवसातून एकदा तरी कुणीतरी ते म्हणतंच, बऱ्याचदा स्वतःच्या फोनवरची नजर न काढता. वाक्य खोटं नाही, पण त्यातून फारसं काही कळत नाही. आहारी जाणं हा एक माणूस आणि एक वस्तू यांच्यातला मामला झाला. वर्गात मला दिसतं ते निराळं आहे. तिथे साठ जण एकमेकांकडे बघून फोन काढतात आणि एकमेकांमुळेच तो खाली ठेवू शकत नाहीत.

हे लक्षात आलं ते एका अंगठ्यामुळे. सेमिनारच्या वेळी मी मागच्या बाकावर बसते. एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत लॅपटॉप जोडण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात सगळ्यांचे फोन निघतात. पुढच्या बाकावर एक मुलगी होती आणि तिच्या खांद्यावरून स्क्रीन सरळ दिसत होता. (दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावू नये हे मलाही ठाऊक आहे. पण वर्षानुवर्षं परीक्षेत पर्यवेक्षण केलेल्या माणसाची नजर आपोआप तिकडे जाते.) तिनं अ‍ॅपची पानं डावीकडे सरकवली, मग उजवीकडे. हवामान उघडलं, बंद केलं. गॅलरी उघडली, दोन फोटो मागे गेली, बंद केली. व्हॉट्सअ‍ॅपवर नवीन काही नव्हतं, तरी ती यादी खाली ओढून सोडून दिली. पुन्हा पानं डावीकडे, पुन्हा उजवीकडे. चेहरा मात्र असा, की काहीतरी महत्त्वाचं काम हातावेगळं करायचं चाललंय.

पुढे एकदा ती कसलीशी सही घ्यायला आली तेव्हा मी सहज विचारलं, "फोनवर एवढं असतं तरी काय गं?" ती हसली. "काही नसतं, मॅम. पण नुसतं बसलं की एकटं दिसतं ना."

एकटं असण्याचं तिला तितकंसं वाटत नव्हतं. धाकधूक होती ती चारचौघांत तसं दिसण्याची. नंतर मी नीट बघायला लागले तर याचे कितीतरी प्रकार सापडले. अनोळखी घोळक्याजवळून जाताना कानाला फोन लावून "हो, हो, पोचलेच" म्हणणारी मुलगी, जिच्या फोनवर पलीकडे कुणीही नसतं. कार्यक्रमाला लवकर पोचलेला आणि ओळखीचा चेहरा दिसेपर्यंत जुने मेसेज वर सरकवत राहणारा मुलगा. लिफ्टचं दार बंद होताक्षणी खिशात जाणारे चार हात. पूर्वी माणसं वर्तमानपत्रामागे तोंड लपवायचीच. पण वर्तमानपत्र उघडायला जागा लागायची, ते कधीतरी वाचून संपायचं आणि शेजारी "एक पान द्या हो" असं म्हणू शकायचा.

आता त्या मुलीच्या जागी बसून वर्गाकडे बघा. आपल्या फोनवर काहीही नाही हे तिला पक्कं ठाऊक असतं. बाकीच्यांच्या फोनवर काय आहे ते तिला दिसत नाही. दिसतात त्या नुसत्या खाली घातलेल्या माना आणि गुंतलेले चेहरे. म्हणजे सगळ्यांना कुणी ना कुणी आहे आणि एकटे आपणच, असा हिशेब ती मांडते. हाच हिशेब शेजारचीही मांडत असते, कारण तिला हिची खाली गेलेली मान दिसते. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांबद्दल जे प्रसिद्ध केलं, ते याच जातीचं आहे. विषय तिथे दारूचा होता. कॅम्पसवरच्या पिण्याबद्दल विद्यार्थ्यांच्या मनात सरासरीनं जितकी अस्वस्थता होती, तितकी ती इतरांच्या मनात असेल असं त्यांना वाटत नव्हतं. प्रत्येकाला वाटे, बाकीच्यांना हे चालतंय, अडचण फक्त मला आहे. आणि मग प्रत्येक जण आपल्यालाही चालतंय असं दाखवायचा. आमच्या वर्गात दारूच्या जागी फोन आहे, एवढाच फरक.

हरवतं काय, हे मात्र नीट बघायला हवं, कारण इथे सरसकट रडगाणं गायलं जातं. जिवलग मैत्री फोनमुळे तुटते असं मला काही दिसलेलं नाही. शाळेतली मैत्रीण, परगावी शिकायला गेलेला मामेभाऊ, बदलीमुळे लांब गेलेले शेजारी ही नाती तर फोनमुळेच टिकतात. फोन खातो ती अर्धवट ओळख. नाव धड माहीत नाही, पण तिसऱ्या बाकावर बसतो, निळी सॅक असते, प्रॅक्टिकलला कायम उशिरा येतो. अशा माणसाशी दोन वाक्यं बोलण्याइतकी ओळख.

ही अर्धवट ओळख कशातून उगवते, यावर विद्यार्थ्यांबद्दलचंच एक जुनं आणि सुरेख काम आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेनं विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत उभारली होती. घर कुठलं मिळेल हे राहणाऱ्यांच्या हातात नव्हतं. कुणाची कुणाशी गट्टी जमली हे लिओन फेस्टिंगर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी तपासलं आणि १९५० मध्ये छापलं. एकाच मजल्यावर दाराला दार लागून असलेल्यांपैकी ४१ टक्क्यांची जवळची मैत्री होती आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांपैकी फक्त १० टक्क्यांची. जिन्याच्या तोंडाशी घर असलेल्यांना वरच्या मजल्यावरही मित्र मिळाले, कारण वरची माणसं त्यांच्या दारावरून जायची. आवडीनिवडी, विचार, स्वभाव हे सगळं नंतरचं. आधी दार उघडताना समोर कोण दिसतं ते महत्त्वाचं. अर्थात दार उघडणाऱ्याची मान वर असेल तरच ते दिसणार.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक ढोबळ हिशेब दिला होता. तोंडओळखीची मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकमेकांच्या सहवासात जावे लागतात आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. आकडे थोडे मागेपुढे धरा. पण एखाद्या नवख्या माणसासाठी वेळापत्रकात दोनशे तास काढून कुणी ठेवत नाही. ते साठतात ते अशाच फुटकळ वेळेतून. सर आले नाहीत, प्रयोगशाळेची किल्ली सापडत नाही, बस चुकली, पाऊस थांबेना. यातल्या एकाही वेळी माणूस मैत्री करायला म्हणून थांबलेला नसतो. काहीच करण्यासारखं नसतं, कंटाळा आलेला असतो, शेजारचाही कंटाळलेला दिसतो, म्हणून तोंड उघडलं जातं. आता कंटाळा यायच्या आतच रील सुरू होते.

वहीचंच घ्या. दोन दिवस आजारी पडलं की पूर्वी वही मागावी लागायची. कुणाची मागायची, यात सगळं राजकारण असे. अक्षर चांगलं असलेली मुलगी लवकर देत नाही आणि लगेच देणाऱ्याचं अक्षर त्यालाही वाचता येत नाही. मग मध्यस्थ गाठायचा. "उद्या नक्की परत दे हं, परवा टेस्ट आहे," या अटीवर वही हातात पडायची. आत मजकुराबरोबर बरंच काही असायचं. समासात खेळलेली फुलीगोळ्याची बाजी, कोपऱ्यात पुसट केलेलं कुणाचं तरी नाव, शिकवणाऱ्यांची चित्रं. माझं एक चित्र मी अशाच एका वहीत पाहिलंय. नाक फार मोठं काढलं होतं, पण चष्मा अगदी हुबेहूब. वही वेळेवर परत न देणं हे भांडणाचं हक्काचं कारण असायचं आणि त्या भांडणातून जमलेल्या जोड्या मला आजही आठवतात. एकाची वही दुसऱ्यानं घेतली की तो त्याचं थोडं देणं लागायचा. त्या देण्यापायी पुढच्या वेळी हजेरी लावायची, जागा धरून ठेवायची, निदान समोर दिसल्यावर हसायचं.

आता तास संपायच्या आत फळ्याचे फोटो निघतात. रात्रीपर्यंत कुणीतरी त्यांचा पीडीएफ करून ग्रुपवर टाकतं. घरी तापानं पडलेल्या मुलाला कुणाचं दार वाजवावं लागत नाही. ही सोय मोठी आहे आणि ज्याला चारचौघांत मागायला संकोच वाटतो त्याच्यासाठी तर फारच मोठी. पण साठ जणांना मिळून दिलेल्या गोष्टीचं देणं कुणीच लागत नाही. अंगठ्याची खूण टाकली की हिशेब फिटला. पीडीएफ कुणी केला, हे विचारलं तर वर्गातल्या निम्म्यांना सांगता येत नाही.

"उद्या नऊचं लेक्चर आहे का?" हा प्रश्न ग्रुपवर पडतो तेव्हा विचारणारा बहुतेकदा वर्गातच बसलेला असतो आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला उत्तर ठाऊक असलेली माणसं असतात. शेजाऱ्याला विचारायचं तर त्याच्याकडे वळावं लागतं, त्याच्या कानातला इयरफोन निघेपर्यंत थांबावं लागतं, तो वैतागेल का याचा अंदाज घ्यावा लागतो. ग्रुपवर कुणीही उत्तर दिलं नाही तरी नकार असा कुणाकडून मिळत नाही. एवढीच धास्ती टाळायची असते. पण ओळख होते ती ही धास्ती ओलांडल्यावरच.

कोस्तादिन कुशलेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी इमारत शोधायला पाठवलं. काहींजवळ फोन ठेवला, काहींचा काढून घेतला. फोनवाल्यांना इमारत सहज सापडली. पण त्यांनी रस्ता कमी जणांना विचारला आणि शेवटी माणसांशी जोडलेपणाची भावनाही त्यांना कमी जाणवली. फोन कामाला आला, यात शंकाच नाही. तो इतका कामाला आला की माणसांचं काम उरलं नाही. सँडस्ट्रॉम आणि डन यांनी २०१४ मध्ये विद्यार्थ्यांना दिवसभरात कुणाकुणाशी बोलणं झालं ते मोजायला सांगितलं होतं. ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वर्गमित्रांशी बोलणं व्हायचं, त्या दिवशी ती मुलं जास्त आनंदात असायची आणि आपण इथले आहोत ही भावनाही जास्त असायची. जिवलगांशी तासन्‌तास गप्पा मारल्यावर काय होतं तो प्रश्न वेगळा. इथे मोजलं होतं ते वरवरचं, येताजाताचं बोलणं.

फोन आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांचा यात वाटा नाही असं नाही. खाली सरकवलं की संपतच नाही असं पान एझा रास्किन यांनी २००६ मध्ये रचलं, आणि पुढे त्याबद्दल जाहीरपणे खंतही व्यक्त केली. व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणा २०१४ च्या नोव्हेंबरात आल्या आणि तेव्हापासून "सीन करून सोडलं" या कारणावरून रुसवेफुगवे सुरू झाले. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी कळ दाबतच राहतो, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर कधीच दाखवून दिलं होतं. यावर इतकं लिहून झालंय की मी त्यात भर घालत नाही. शिवाय माझ्या पुढच्या बाकावरच्या त्या मुलीला रील खेचत नव्हती. तिला लपायचं होतं.

वसतिगृहात हे सगळं आणखी उघडं पडतं. रेक्टर म्हणून काही काळ काम केलं तेव्हा रात्री फेरी मारावी लागायची. एका खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. दोन पलंग, दोन मुली, दोघींच्या कानांत इयरफोन. एक हसली. काही वेळानं दुसरी हसली, वेगळ्याच गोष्टीला. मी दारात उभी आहे हे दोघींनाही कळलं नाही. मग पहिलीच्या फोनवर काहीतरी आलं आणि ती उठून दिवा बंद करायला आली, तेव्हा मी दिसले आणि ती दचकली. "अगं, दिवा बंद कर असं तिनं मेसेजवर सांगितलं?" मी विचारलं. "हो मॅम. हाक मारली तर इयरफोनमधून ऐकू येत नाही ना." दोघींचं भांडण नव्हतं बरं का. एकमेकींबद्दल विचारलं तर दोघीही म्हणाल्या, "छान आहे ती, शांत आहे."

दुसऱ्या बाजूचं मी पाहिलं नाही असं नाही. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर एक मुलगा आहे. काय लिहितो! परीक्षेच्या वेळापत्रकावर, ग्रंथालयातल्या मोडक्या खुर्चीवर, माझ्या "थोडक्यात सांगायचं तर" म्हणण्याच्या सवयीवर त्यानं केलेल्या कोट्या इतर वर्गांच्या ग्रुपवर फिरतात. प्रत्यक्षात बोलताना तो अडखळतो, पहिलंच अक्षर अडतं. वर्गात तो कधी तोंड उघडत नाही. त्याला मी फोन ठेव म्हणाले तर त्याचा आवाजच काढून घेतल्यासारखं होईल. मला हलवून सोडलं ते निराळ्याच गोष्टीनं. त्याच्या डीपीला मांजर आहे. त्याच्या कोट्यांवर सगळ्यात जास्त हसणारी मुलं त्याच्या पुढच्या बाकावर बसायची, आणि ते मांजर म्हणजे हाच, हे त्यांना दुसऱ्या सत्रापर्यंत ठाऊक नव्हतं.

आकड्यांतही असंच दोन्हीकडे ओढणारं दिसतं. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये मोठमोठ्या पाहण्यांमधली माहिती पुन्हा चाळली. किशोरवयीनांच्या मानसिक स्वास्थ्यातल्या फरकांपैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरकाचाच संबंध त्यांना डिजिटल वापराशी जोडता आला. म्हणजे जवळजवळ नगण्य. उलट जीन ट्वेंगी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये शाळकरी मुलांच्या एकटेपणाचे देशोदेशीचे आकडे मांडले, तेव्हा २०१२ ते २०१८ या काळात ३७ पैकी ३६ देशांत शाळेतला एकटेपणा वाढलेला निघाला. त्याला कारण फोनच, असं त्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. या दोन्हींवरून जाणकारांचे वाद चालू आहेत आणि चालू राहोत. मला आपला वर्गातला एक प्रसंग आठवतो.

एका मुलाचा फोन पाण्यात पडला आणि दुरुस्त होऊन यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात त्याचा स्क्रीन टाइम शून्य होता. व्यसनाच्या हिशेबानं तो वर्गातला सगळ्यात निरोगी विद्यार्थी. प्रत्यक्षात तो सगळ्यात एकटा होता. तासाआधीची दहा मिनिटं तो मान वर करून बसायचा आणि बघायला समोर कुणी नसायचं. तास रद्द झाल्याचं त्याला कळलं नाही, असाइनमेंटची तारीख कळली नाही. "मॅम, एक गंमत सांगू?" तो नंतर म्हणाला. "मध्येच कुणीतरी वर बघतं. पण मी बघतोय असं दिसलं की लगेच खाली बघतं." फोन कमी वापरणाऱ्याला आणि जास्त वापरणाऱ्याला शेजारी शेजारी ठेवून मोजलं तर फरक कमीच निघणार, कारण दोघंही त्याच वर्गात बसलेले आहेत. ज्याच्याकडे फोन नाही, त्याच्याशी बोलायलाही कुणी नाही.

म्हणूनच "मनावर ताबा ठेवा", "डिजिटल उपवास करा" असले सल्ले मला चीड आणतात. ते देणाऱ्याला वाटतं, अडचण मुलाच्या मनोनिग्रहात आहे. एकट्यानं उपवास करणाऱ्याच्या वाट्याला त्या फोन बुडालेल्या मुलाचा आठवडा येतो. हे मुलांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. लिओनार्दो बर्झटिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये हजारावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारलं, चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायचे किती पैसे घ्याल? बाकीचे सगळे चालू असताना एकट्यानं बंद करायला सरासरी ५९ डॉलर लागतील, असं उत्तर निघालं. मग विचारलं, सगळ्यांचंच एकदम बंद होणार असेल तर? तेव्हा आकडा उलटा फिरला. सरासरी २८ डॉलर स्वतःच्या खिशातून घालायची तयारी निघाली. आपल्याला नको असलेली गोष्ट आपण रोज वापरतो, कारण बाकीचे वापरतात. आणि बाकीच्यांचंही तेच.

फ्रान्सनं २०१८ मध्ये कायदा करून लहान वर्गांपासून साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत फोन वापरायला मनाई केली. पुढे इतर अनेक देशांनी त्यांच्या त्यांच्या परीनं तसंच काही केलं. शिक्षा म्हणून फोन जप्त करणं मला आवडत नाही. त्यात मोठ्यांच्या रागाचा भाग जास्त असतो. पण अशा बंदीतली एक गोष्ट मला पटते. ती सगळ्यांचा पडदा एकाच वेळी काढते. कुणा एकाला उघडं पडावं लागत नाही. अर्थात माझ्यासमोर वीस-एकवीस वर्षांची, मतदान करणारी माणसं बसतात. त्यांचे फोन मी पेटीत ठेवून घेणार नाही. घेतलेच तर मला माझाही त्यात टाकावा लागेल आणि मग प्राचार्यांचे मेसेज कोण बघणार?

मी केलं ते एवढंच. नोट्सचा पीडीएफ टाकणं बंद केलं. फळा पुसताना दोनदा विचारते, उतरवून झालं का, मग पुसते. जे आजारी आहेत, ज्यांना लिहिणं किंवा बोलणं शारीरिकदृष्ट्या कठीण जातं, त्यांना कागद हातात मिळतो. बाकीच्यांनी एकमेकांना गाठायचं. असाइनमेंट जोडीनं करायची आणि जोडी दर वेळी मी बदलणार. जोडीदाराचा नंबर मी देत नाही. नुसतं नाव फळ्यावर लिहिते. त्यामुळे "यातली अमुक कोण?" असं कुणाला तरी विचारावंच लागतं. यानं वर्ग बोलका झाला असं म्हणणार नाही. तासाआधीची दहा मिनिटं अजूनही बरीचशी तशीच असतात आणि जोड्यांपैकी निम्म्या सगळं काम मेसेजवरच उरकतात. एका जोडीनं तर न भेटता अख्खा प्रकल्प करून दाखवला आणि तो चांगला होता.

पण चिडले मात्र सगळेच. "बाकीच्या मॅडम टाकतात की पीडीएफ!" "वेळ वाया जातो." "ही अश्मयुगातली पद्धत आहे." मग एक दिवस सहा जणांचं शिष्टमंडळ स्टाफरूमशी आलं. दार लोटलेलं होतं आणि त्यांना वाटलं आत ऐकू येत नाही. "तू बोल." "मी का? आयडिया तुझी होती." "माझी? परवा तूच म्हणालास ना, सगळे मिळून जाऊ!" "अरे, पण तिचं अक्षर कुणालाच लागत नाही, हा मुद्दा आधी मांडा." "ए, माझ्या अक्षराला काय झालं?" बराच वेळ हे चाललं. शेवटी सगळे एकदम आत घुसले आणि दोघं एकदमच बोलायला लागले. मागण्या चार होत्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नोट्स तपासून द्यायची मागणी मी मान्य केली. जोड्या त्यांच्या मर्जीनं लावायची फेटाळली. पीडीएफवर घासाघीस अजून चालू आहे. माझ्याविरुद्ध त्यांनी मला वगळून एक वेगळा ग्रुप काढलाय असंही कानावर आलं. त्याच्या डीपीला म्हणे मोठ्या नाकाची, चष्मेवाली बाई आहे.